नेटवर्कच्या आतले मौन

इंटरनेट हे एकसंध जाळे नसून सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र नेटवर्कांचा समूह आहे. दूरसंचार कंपन्या, विद्यापीठे, बँका, सरकारी खाती आणि मोठ्या संकेतस्थळांचे मालक आपापले नेटवर्क स्वतःच्या धोरणानुसार चालवतात. अशा प्रत्येक नेटवर्कला स्वायत्त प्रणाली म्हणतात आणि तिला जगभरात एकमेव असा क्रमांक दिलेला असतो. कोणत्या प्रणालीकडे पत्त्यांचे कोणते गट आहेत आणि त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचता येते, ही माहिती या प्रणाली एकमेकींना ज्या नियमावलीनुसार कळवतात तिचे नाव बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, संक्षेपाने बीजीपी. जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे भरलेल्या अभियंत्यांच्या बैठकीत कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावरील कागदी रुमालांवर तिचा पहिला आराखडा काढला, त्याच वर्षीच्या जूनमध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि आज वापरात असलेल्या चौथ्या आवृत्तीचे प्रमाण दस्तऐवज जानेवारी २००६ मधले आहे. जगातील बहुतेक सर्व आंतरजालीय वाहतूक या नियमावलीने ठरवलेल्या मार्गांवरून जात असली, तरी तिची चर्चा सहसा देशोदेशीच्या कंपन्यांमधील सीमारेषेवरच थांबते. एकाच कंपनीच्या आतले राउटर, म्हणजे वाहतुकीला वाट दाखवणारी यंत्रे, परस्परांना हीच माहिती कशी देतात, आणि अनेकदा ती का देत नाहीत, हा तितकाच महत्त्वाचा विषय मात्र अभियंत्यांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच येतो.

दोन वेगळ्या प्रणालींच्या सीमेवरील राउटर जेव्हा बीजीपीने बोलतात तेव्हा त्याला बाह्य बीजीपी म्हणतात, आणि एकाच प्रणालीतील राउटर जेव्हा तीच भाषा वापरतात तेव्हा त्याला अंतर्गत बीजीपी म्हणतात. संदेशांचा साचा दोन्हीकडे एकच असतो, वर्तन मात्र वेगळे असते, आणि या वेगळेपणाचे मूळ चक्रमार्ग टाळण्याच्या उपायात आहे. मार्गाची माहिती सीमा ओलांडते त्या प्रत्येक वेळी पाठवणारी प्रणाली आपला क्रमांक त्या माहितीच्या सोबत असलेल्या यादीत सर्वांत पुढे जोडते. आलेल्या यादीत स्वतःचाच क्रमांक दिसला, तर ती माहिती फिरून परत आली आहे हे ओळखून राउटर ती टाकून देतो. प्रणालीच्या आत सर्व राउटरांचा क्रमांक एकच असल्याने तेथे या यादीत भर घालता येत नाही आणि त्यामुळे फिरून आलेली माहिती ओळखण्याचे साधनही उरत नाही. यावर नियमावलीच्या कर्त्यांनी काढलेला उपाय कठोर पण निर्दोष होता. एका अंतर्गत शेजाऱ्याकडून कळलेला मार्ग दुसऱ्या अंतर्गत शेजाऱ्याला सांगायचाच नाही, असा तो नियम आहे. ज्याने मार्ग बाहेरून आणला त्यानेच तो आत सर्वांना सांगावा, ऐकणाऱ्याने तो वापरावा, पण आत पुढे पाठवू नये.

अंतर्गत बीजीपीतील अनेक तक्रारींची सुरुवात येथूनच होते. समजा, एका कंपनीत क, ख आणि ग असे तीन राउटर एका ओळीत जोडलेले आहेत. क बाहेरच्या सेवादात्याला जोडलेला आहे, क आणि ख यांच्यात अंतर्गत सेशन, म्हणजे बीजीपीची कायमस्वरूपी जोडणी आहे, तशीच ती ख आणि ग यांच्यात आहे. बाहेरून आलेला २०३.०.११३.०/२४ हा पत्त्यांचा गट, ज्याला प्रिफिक्स म्हणतात, क कडे दिसतो, ख कडे दिसतो, आणि ग कडे दिसत नाही. तारा ठीक आहेत, दोन्ही सेशन चालू आहेत, चुकीची नोंद कोठेही नाही, आणि तरीही ग ला मार्ग ठाऊक नाही. नवशिका अभियंता अशा वेळी ख मध्ये दोष शोधू लागतो. प्रत्यक्षात ख नियम तंतोतंत पाळत असतो. या क्षेत्रातील दोषशोधनाची खरी अडचण हीच आहे, की येथे मौन हे बिघाडाचेही लक्षण असू शकते आणि शिस्तीचेही, आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. राउटर केव्हा गप्प राहणे अपेक्षित आहे हे ज्याला आधी ठाऊक असते, त्यालाच तो चुकीच्या वेळी गप्प बसला आहे हे ओळखता येते.

ग ला मार्ग मिळावा यासाठी क आणि ग यांच्यातही थेट सेशन हवे, म्हणजेच प्रणालीतील प्रत्येक राउटरचे इतर प्रत्येक राउटरशी सेशन हवे. तीन राउटरांसाठी तीन सेशन पुरतात, दहांसाठी पंचेचाळीस लागतात, आणि शंभर राउटर असतील तर हा आकडा ४,९५० वर जातो. एवढी सेशन हाताने लिहिणे आणि सांभाळणे अवघड असल्याने १९९६ मध्ये दोन पर्याय प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकात मोठ्या प्रणालीचे आतल्या आत लहान उपप्रणालींत विभाजन केले जाते. दुसऱ्यात काही निवडक राउटरांना मौनाच्या नियमातून मर्यादित सूट दिली जाते आणि त्यांना रूट रिफ्लेक्टर म्हणतात. दुसरा पर्यायच अधिक रुळला. रिफ्लेक्टर आपल्या अंतर्गत शेजाऱ्यांचे दोन वर्ग करतो, ग्राहक आणि बिगरग्राहक. ग्राहकाकडून आलेला मार्ग तो सर्वांना सांगतो. बिगरग्राहकाकडून आलेला मार्ग मात्र आत केवळ ग्राहकांनाच सांगतो. त्यामुळे रिफ्लेक्टरवर एखाद्या राउटरची ग्राहक म्हणून नोंद करायची राहून गेली, तर त्या राउटरला आणि इतर बिगरग्राहकांना एकमेकांचे मार्ग कळत नाहीत, पण ग्राहकांशी त्याचा व्यवहार सुरळीत चालतो. काही मार्ग दिसतात आणि काही दिसत नाहीत अशी ही अर्धवट अवस्था पूर्ण बिघाडापेक्षा अधिक फसवी असते, कारण सेशन चालू आहे आणि शेकडो मार्ग येत आहेत हे पाहून तपास करणाऱ्याचे लक्ष दुसरीकडेच वळते.

रिफ्लेक्टरला सूट दिल्यावर चक्रमार्गाचा धोका परत येतो, म्हणून त्यासोबत दोन नवी ओळखचिन्हे आली. पहिले चिन्ह तो मार्ग प्रणालीत मुळात कोणत्या राउटरने आणला हे सांगते, आणि दुसरे तो कोणकोणत्या रिफ्लेक्टर समूहांतून गेला त्यांची यादी धरते. ज्या राउटरला पहिल्या चिन्हात स्वतःचीच ओळख दिसते तो मार्ग नाकारतो, आणि ज्या रिफ्लेक्टरला यादीत स्वतःच्या समूहाचा क्रमांक दिसतो तोही नाकारतो. या संरक्षणातूनच दोन कठीण दोष निर्माण होतात. एका राउटरची मांडणी दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवताना ओळखक्रमांक बदलायचा राहिला, तर एकाच रिफ्लेक्टरला जोडलेली ती दोन यंत्रे परस्परांचे मार्ग स्वतःचेच समजून नाकारत राहतात, मात्र इतर सर्वांशी त्यांचा संवाद ठीक असतो. दुसरा दोष दोन रिफ्लेक्टरांना एकच समूहक्रमांक दिल्याने येतो: ते एकमेकांनी परावर्तित केलेले मार्ग टाकून देतात, जे प्रत्येक ग्राहक दोघांनाही जोडलेला असेपर्यंत योग्यच असते, पण एखाद्या ग्राहकाचे पहिल्या रिफ्लेक्टरशी असलेले आणि दुसऱ्या ग्राहकाचे दुसऱ्या रिफ्लेक्टरशी असलेले सेशन एकाच वेळी तुटले, की या दोन ग्राहकांमधली वाट नाहीशी होते, आणि चारही यंत्रे मात्र निर्दोष दिसतात.

मार्ग सांगितला गेला, पोहोचला, आणि तरी उपयोगी पडला नाही, अशीही अवस्था असते, आणि व्यवहारात ती वारंवार आढळते. प्रत्येक मार्गाच्या सोबत नेक्स्ट हॉप नावाचा एक पत्ता असतो; त्या प्रिफिक्सकडे जायचे असेल तर आधी कोठे जावे, हे तो सांगतो. क ला बाहेरच्या सेवादात्याकडून मार्ग मिळतो तेव्हा नेक्स्ट हॉप सेवादात्याच्या राउटरचा असतो, आणि क जेव्हा तो मार्ग ग ला अंतर्गत बीजीपीने सांगतो तेव्हा हा पत्ता बदलत नाही. आता क आणि सेवादाता यांच्यामधला जोडदुवा कोणत्या पत्त्यांवर आहे हे ग ला ठाऊक असण्याचे कारण नाही. एखाद्याला घराचा पत्ता सांगताना ते तरीच्या पलीकडे आहे असे सांगावे आणि तर कोठे लागते हेच ऐकणाऱ्याला माहीत नसावे, तसे हे होते. ग त्या मार्गाची नोंद घेतो, पण नेक्स्ट हॉप गाठता येत नाही म्हणून त्याला निवडीच्या स्पर्धेतूनच बाद करतो. आणि जो मार्ग राउटरने स्वतःसाठी निवडलेला नाही तो तो इतर कोणालाही सांगत नसल्याने ग च्या पलीकडे असलेल्या बाहेरच्या शेजाऱ्यापर्यंतही तो जात नाही. सिस्को कंपनीच्या राउटरवर त्या प्रिफिक्सची सविस्तर नोंद मागवली असता नेक्स्ट हॉपपुढे तो अगम्य असल्याचा शेरा दिसतो, आणि हा एक शेरा वाचण्याची सवय असली तर तासन्‌तासांचा शोध वाचतो.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे बाहेरच्या जोडदुव्याचे पत्ते ओएसपीएफ किंवा आयएस-आयएस यांसारख्या, प्रणालीच्या आतल्या वाटा शोधणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये समाविष्ट करणे. दुसरा म्हणजे क ने अंतर्गत शेजाऱ्यांना मार्ग सांगताना नेक्स्ट हॉप म्हणून स्वतःचाच पत्ता द्यावा अशी सूचना त्याला देणे. दुसरा उपाय अधिक स्वच्छ आहे, कारण त्यामुळे परक्या कंपनीच्या जोडदुव्याचे तपशील आतल्या वाटांच्या तक्त्यात येत नाहीत आणि तो जोडदुवा डळमळला तरी आतला तक्ता हलत नाही.

याच ठिकाणी बीजीपीचा आणखी एक मूलभूत नियम लक्षात घ्यावा लागतो: एका प्रिफिक्ससाठी दहा वाटा कळल्या तरी राउटर त्यांतील एकच सर्वोत्तम म्हणून निवडतो आणि केवळ तीच पुढे सांगतो. या निवडीत आतल्या राउटरांपुरती चालणारी पसंतीची एक संख्या फार वरच्या क्रमाला येते. ती नेमून दिलेली नसेल तर बहुतेक राउटर १०० धरतात, आणि जास्त संख्येचा मार्ग जिंकतो. समजा, क आणि ख या दोघांकडेही एकाच प्रिफिक्ससाठी बाहेरचा मार्ग आहे, क च्या मार्गाला २०० पसंती दिली आहे आणि ख च्या मार्गाला १००. क ने आपला मार्ग सांगताच ख त्याला सर्वोत्तम ठरवतो, आणि त्या क्षणी ख चा स्वतःचा बाहेरचा मार्ग निवडीतून उतरल्यामुळे तो आत जाहीर करणे ख ला थांबवावे लागते, पूर्वी केला असेल तर मागे घ्यावा लागतो. परिणामी क च्या तक्त्यात पर्यायी वाट दिसतच नाही, आणि पैसे मोजून घेतलेली दुसरी जोडणी मृत असल्याचा समज होतो. वास्तविक ती जिवंत असते. क ची वाट तुटल्यावर ही बातमी ख पर्यंत जाऊन, ख ने पुन्हा निवड करून, आपला मार्ग जाहीर केल्यानंतरच ती पर्यायी वाट इतरांना दिसते. या मधल्या खंडात वाहतूक गळते, म्हणून एकाच प्रिफिक्सच्या एकाहून अधिक वाटा सांगण्याची सोय २०१६ मध्ये प्रमाणित करण्यात आली. ती मात्र दोन्ही बाजूंच्या राउटरांनी सेशन सुरू होतानाच मान्य करावी लागते.

आतापर्यंत सेशन चालू असल्याचे गृहीत धरले. तेही नेहमी खरे नसते. बीजीपीचे संदेश टीसीपी या वाहतूक प्रोटोकॉलच्या १७९ क्रमांकाच्या पोर्टवरून जातात, आणि आतले राउटर सहसा लूपबॅक, म्हणजे कोणत्याही एका तारेशी न बांधलेला, स्थिर असा पत्ता वापरून परस्परांना ओळखतात. एका बाजूने शेजारी म्हणून लूपबॅकची नोंद करावी आणि दुसऱ्या बाजूने मात्र तारेच्या पत्त्यावरून संदेश पाठवावा, ही चूक फार सामान्य आहे. ओळख न पटल्याने जोडणी नाकारली जाते आणि सेशनची अवस्था ॲक्टिव्ह अशी दिसत राहते, जिचा अर्थ सेशन चालू आहे असा नसून राउटर अजून जोडणीच्या प्रयत्नात आहे असा आहे.

याहून बारकाईने पाहावा असा एक दोष सेशन जुळल्यानंतर प्रकट होतो. सेशन जुळते, पण मार्ग येत नाहीत, आणि ठरावीक अंतराने, सिस्कोच्या मूळ मांडणीत सुमारे तीन मिनिटांनी, ते तुटून पुन्हा जुळते. बीजीपीचा सर्वांत लहान संदेश १९ बाइटांचा असतो आणि मूळ नियमानुसार मोठ्यात मोठा ४,०९६ बाइटांचा. ओळख करून देणारे आणि जिवंतपणा कळवणारे संदेश लहान असल्याने ते सहज पार होतात. मार्गांची यादी घेऊन निघालेले मोठे टीसीपी पॅकेट मात्र मधल्या एखाद्या दुव्याच्या कमाल आकारात बसत नाही आणि त्याचे तुकडे करण्यास मनाई असल्याने ते तेथेच टाकले जाते. टीसीपी क्रमाने माहिती देत असल्यामुळे हरवलेल्या पॅकेटमागचे जिवंतपणाचे संदेशही पलीकडच्या बीजीपीपर्यंत पोहोचत नाहीत, १८० सेकंदांची मुदत संपते आणि सेशन तुटते. अशा वेळी बीजीपीच्या मांडणीत कितीही शोध घेतला तरी काही हाती लागत नाही. दोन लूपबॅकांमध्ये मोठ्या आकाराची पॅकेट, तुकडे न करण्याची अट घालून, पाठवून पाहणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो.

म्हणून अनुभवी अभियंते संपूर्ण नेटवर्कचा विचार एकदम न करता एकच प्रिफिक्स हाती धरतात आणि तो जेथून प्रणालीत येतो तेथून त्याच्या मागोमाग चालत जातात. उगमाच्या राउटरवर तो बीजीपीच्या तक्त्यात आहे का, हा पहिला प्रश्न. कारण अनेकदा तो तेथेच नसतो, विशेषतः कंपनीचे स्वतःचे पत्ते हाताने जाहीर करताना लिहिलेला प्रिफिक्स आणि वाटांच्या तक्त्यातील प्रिफिक्स यांची लांबी तंतोतंत जुळली नाही तर राउटर तो जाहीर करत नाही. असेल तर तो सर्वोत्तम ठरला आहे का, ठरला असेल तर कोणाकोणाला सांगितला गेला, आणि सांगितला गेला नसेल तर धोरणातील चाळणीमुळे, पुढे सांगू नये अशा त्याच्यावर लावलेल्या खुणेमुळे, की मौनाच्या मूळ नियमामुळे, हे पुढचे प्रश्न. मग पलीकडच्या राउटरवर जाऊन तो आला का आणि आलेला स्वीकारला गेला का, हे वेगवेगळे पाहावे लागते. आलेले पण चाळणीत अडकलेले मार्ग सिस्कोच्या राउटरवर आधी तशी सोय केल्याशिवाय साठवले जात नाहीत, त्यामुळे तक्ता रिकामा दिसला म्हणून काही आलेच नाही असा निष्कर्ष घाईचा ठरतो. चाळणी बदलल्यानंतर पूर्वी सेशन तोडून जोडावे लागे. सप्टेंबर २००० मध्ये प्रमाणित झालेल्या सोयीमुळे सेशन न तोडता सर्व मार्ग पुन्हा मागवता येतात, आणि चालत्या नेटवर्कमध्ये या सोयीचे मोल फार मोठे आहे.

आतल्या राउटरांचे मौन जितके त्रासदायक, त्याहून त्यांचे अवाजवी बोलणे अधिक घातक ठरू शकते, हे १७ जुलै २०२० च्या क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या बिघाडाने दाखवले, आणि कंपनीने त्याचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध केल्यामुळे तो अभ्यासास उपलब्ध आहे. त्या दिवशी न्यूअर्क आणि शिकागो यांच्यामधला तिच्या खासगी मुख्य वाहिनीचा दुवा बंद पडला आणि अटलांटा ते वॉशिंग्टन या दुव्यावर गर्दी झाली. ती कमी करण्यासाठी अटलांटातील राउटरच्या धोरणात बदल करण्यात आला. त्या धोरणातील एका कलमात एक प्रिफिक्सयादी होती आणि त्या यादीत बसणाऱ्या मार्गांना २०० पसंती देऊन ते आतल्या शेजाऱ्यांना सांगण्याची परवानगी होती. संपूर्ण कलम निष्क्रिय करण्याऐवजी त्यातील यादी तेवढी निष्क्रिय झाली. अट गेली, परवानगी राहिली, आणि अट नसलेल्या कलमात सर्वच मार्ग बसू लागले. इतर शहरांतील राउटरांना आपल्याच दालनातील सर्व्हरांकडून मिळालेल्या मार्गांची पसंती १०० होती, त्यामुळे शेजारच्या रॅकमधला सर्व्हर सोडून ते वाहतूक अटलांटाकडे पाठवू लागले. लंडन, फ्रँकफर्ट, मॉस्को, साओ पाउलो अशी मुख्य वाहिनीला जोडलेली अनेक शहरे बाधित झाली, कंपनीच्या एकूण जाळ्यावरील वाहतूक जवळपास निम्म्याने घटली, आणि २७ मिनिटांनी अटलांटाला वाहिनीपासून तोडल्यावर स्थिती सावरली. मुख्य वाहिनीला न जोडलेल्या शहरांपर्यंत ही अंतर्गत बातमी पोहोचलीच नाही, म्हणून ती बचावली.

याचेच दुसरे उदाहरण कॅनडातले आहे: रॉजर्स या कंपनीत ८ जुलै २०२२ रोजी वितरण राउटरांवरची एक चाळणी काढली गेली, मार्गांचा लोंढा गाभ्यातील राउटरांवर आदळला आणि एक कोटीहून अधिक ग्राहकांची सेवा एक दिवसाहून अधिक काळ खंडित झाली. तेथे अभियंत्यांची राउटरांपर्यंत पोहोचण्याची वाटही त्याच गाभ्यावर अवलंबून असल्याने तपासाला सुरुवात करणेच दुष्कर झाले. दोषशोधनाची कोणतीही शिस्त राउटरच्या पडद्यापर्यंत पोहोचता आल्यानंतरच कामास येते, म्हणून व्यवस्थापनासाठी संपूर्णपणे वेगळी वाट राखण्याचा खर्च अनाठायी मानता येत नाही.

२०२० च्या त्या बिघाडानंतर क्लाउडफ्लेअरने दोन बदल जाहीर केले. आपापल्या दालनातील सर्व्हरांकडून मिळालेल्या मार्गांची पसंती अशी ठेवायची, की दुसऱ्या कोणत्याही एका शहराला इतरांची वाहतूक स्वतःकडे ओढता येऊ नये. आणि मुख्य वाहिनीवरील बीजीपी सेशनांना एक कमाल मर्यादा घालायची, जेणेकरून एका शेजाऱ्याकडून ठरलेल्या संख्येहून अधिक मार्ग येऊ लागताच ते सेशन आपोआप बंद पडावे. ही मर्यादा आज अनेक नेटवर्कांत लावलेली असते, आणि नेटवर्क वाढत गेले तरी ती वाढवायची राहून जाते. मग एखाद्या दिवशी कोणीही चूक केलेली नसताना आतले एक सेशन तुटते आणि अभियंता तारा व पत्ते तपासू लागतो. सिस्कोच्या राउटरवर अशा शेजाऱ्याच्या नावापुढे आयडल या अवस्थेसोबत प्रिफिक्ससंख्येमुळे सेशन थांबवल्याची खूण असते, आणि ठरावीक वेळाने आपोआप सुरू होण्याची सोय केलेली नसेल, तर मर्यादा वाढवून सेशन पुन्हा सुरू करेपर्यंत, मग त्याला कितीही काळ लागो, तो राउटर त्या शेजाऱ्याशी बोलत नाही.